एक्सेलमध्ये एक रकाना वाढव

हॅमिल्टन, रविवार संध्याकाळ

प्रिय पोरी,

तुमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, सहलीची तुझी एक्सेल शीट पोचली. चहा घेता घेता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, काकांनाही वाचून दाखवली. अठ्ठ्याऐंशी दिवस, न्यूझीलंडची दोन्ही बेटं, प्रत्येक रात्रीचा मुक्काम, किलोमीटर, डिझेलचा अंदाज, पावसाच्या दिवसांना वेगळा रंग. तुझं काम मी चार वर्षं बघितलंय, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. रकाने नऊ आहेत. दहावा नाही, आणि तेवढ्यासाठी हे पत्र. दहाव्या रकान्याला नाव दे ‘कोण’.

गाडी कोण चालवणार, टॉयलेटची कॅसेट कोण उपसणार, गॅस कोण बंद करणार. तू म्हणशील, घरात आम्ही सगळं वाटूनच करतो. करता, मला माहीत आहे. पण फ्लॅट वेगळा आणि सात मीटरचा डबा वेगळा. डब्यात पहिल्या तीन दिवसांत ज्याने जे केलं ते त्याला चिकटतं. आमच्या अशाच सहलीत काका चालवायला बसले ते बसलेच. मी चहा, स्वयंपाक, नकाशा आणि ‘बघा, डावीकडे किती सुंदर तळं!’ एवढ्यावर. एकोणीस दिवस मी स्टिअरिंगला हात लावला नाही. फुल लायसन्स होतं, त्यावर 6000 किलोपर्यंतची गाडी चालवता येते. अडवलं कुणीच नव्हतं, फक्त वेळच आली नाही असं आम्ही दोघं म्हणत होतो.

विसाव्या दिवशी आली. दक्षिण बेटावर हास्टच्या रस्त्यावर प्लेझंट फ्लॅट नावाचं डॉकचं (इथल्या संवर्धन खात्याचं) साधं कॅम्पसाइट आहे. सकाळी काका वाकून कशाला तरी गेले आणि तसेच राहिले. कंबर धरली. पाऊस कोसळत होता, फोनला रेंज नाही, शेजारी एक जर्मन मुलगा तंबूत. त्याच्या मदतीने काकांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि मी उशी घेऊन चालकाच्या जागी बसले. तिथून वानाका गाव शंभरेक किलोमीटर. मध्ये गेट्स ऑफ हास्टचा एका वेळी एकच गाडी जाईल असा पूल, खाली नदी नुसती दगडांवर आपटत असते, आणि पूल संपला की चढ. मला आरशात गाडीची शेपटी कुठे संपते तेच कळत नव्हतं. मागे चार-पाच गाड्या साठल्या की डावीकडे जागा बघून थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं, परत निघायचं. काका बाजूला बसून उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. बोलले काहीच नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तीन तास लागले. वानाकाला डॉक्टरांच्या दारात गाडी लावली तेव्हा हातांना इतका कंप होता की किल्ली पर्समध्ये टाकता येईना.

त्या सकाळी काकांना आधी भीती कंबरेची वाटली नाही, माझ्या गाडी चालवण्याची वाटली. आणि मला राग आला तो त्यांचा नाही, माझाच. म्हणून सांगते, पहिल्याच दिवसापासून एक दिवस गाडी तू चालव, एक दिवस तुझा नवरा. तुला आवडो न आवडो. त्याला तुझ्या शेजारी बसून गप्प राहायची सवय होऊ दे, तीही शिकावीच लागते. निघायच्या आधी एका रविवारी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनी मागे घेण्याचा सराव करा. गाडी मागे घेताना नवरा-बायकोची जेवढी भांडणं होतात तेवढी पैशावरूनही होत नसतील. ‘अगं थोडं… थोडं… अजून थोडं… अरे थांब थांब!’ ही भाषा गाडीला कळत नाही. उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे, तेही ठरलेलं नसतं. आम्ही शेवटी ‘ड्रायव्हरची बाजू’ आणि ‘दाराची बाजू’ असे दोनच शब्द ठेवले. आणि एक नियम: मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबवायची, मग मागून कितीही हाका येवोत.

आता कॅसेट. तुझ्या नवऱ्याला वाटलं असेल गाण्यांची. ही कमोडखालची पेटी, अठरा-वीस लिटरची, बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि डंप स्टेशनवर, म्हणजे मैला टाकायच्या ठरलेल्या जागी, उपसायची. इथल्या गोऱ्या जोडप्यांना ती तीन दिवस पुरते. आपल्याला दीड दिवस. कारण तू जाणतेस, आपल्याला पाणी लागतं आणि ते सगळं त्याच पेटीत जातं. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. दिवसभर जमेल तिथे सार्वजनिक टॉयलेट वापरा, या देशात ती भरपूर आणि स्वच्छ आहेत, गाडीतलं रात्रीपुरतं ठेवा. उपसायचं काम आलटून पालटून. हातमोजे दोन जोड्या, वेगवेगळ्या रंगांचे. ‘मला कसंतरी होतं’ ही सबब एकदाच मान्य. आणि काठोकाठ भरू देऊ नका. काका त्या सकाळी कशाला वाकले होते, हे आता लक्षात आलं असेल.

सेल्फ-कंटेन्ड सर्टिफिकेट, म्हणजे गाडीत स्वतःचं टॉयलेट आणि पाण्याची सोय असल्याचा दाखला, विकणाऱ्याने दाखवलं म्हणतेस. रंग बघितलास का? 2023 च्या कायद्यानंतर टॉयलेट गाडीत कायमचं बसवलेलं असावं लागतं आणि पलंग अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. सीटखालून ओढून काढायचं पोर्टेबल चालत नाही. नव्या नियमाचं वॉरंट (त्या दाखल्याचं कार्ड) हिरवं असतं, जुनं निळं. माणशी निदान 12 लिटर चांगलं पाणी आणि तेवढंच सांडपाणी साठवायची सोय हवी. हे नसताना मोकळ्यावर रात्र काढलीत तर दंड 400 डॉलरपासून सुरू होतो.

विकत घेताना मीटर किती फिरलाय यापेक्षा ओल बघा. जुन्या मोटरहोमचा जीव पाण्याने जातो. कपाटं उघडून वरच्या कोपऱ्यांत हात घाला, छताच्या झडपेभोवती, खिडक्यांखाली अंगठ्याने दाबा. मऊ लागलं, बिस्किटासारखं दबलं, तर कितीही गोड माणूस असो, चहा पिऊन परत या. गाडी 3500 किलोच्या वरची असेल तर वेगमर्यादा 90 ची, आणि गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याच्या साध्या दाखल्याऐवजी, वॉरंट ऑफ फिटनेसऐवजी, सर्टिफिकेट ऑफ फिटनेस लागतं. डिझेलच्या गाडीला रोड यूजर चार्जेस (रस्ता वापरण्याचा कर) वेगळे भरायचे, हजार-हजार किलोमीटरचे. तुझ्या शीटमध्ये ते नाहीत, आणि रक्कम लहान नाही.

त्याच शीटमध्ये नवव्या दिवशी ‘नेल्सन ते फ्रान्झ जोसेफ’ लिहिलंयस. ते साडेचारशेच्या वर जातं. नकाशा सहा तास म्हणतो. तो कारचे सांगतो, मध्ये चहा नाही, एक पदरी पूल नाहीत, ‘अय्या, हे बघ’ नाही. तीन मुक्काम कर त्याचे. दिवसाला दोनशेच्या आत राहा, आणि दर तिसऱ्या जागी दोन रात्री, म्हणजे कपडे वाळतील आणि एकमेकांवरचा रागही. क्वीन्सटाउनला जाताना क्राउन रेंजवरून जाऊ नका. हजार मीटरच्या वरचा घाट आहे, पलीकडची वळणं अशी की आपल्या वरंध घाटाची आठवण व्हावी. क्रॉमवेलवरून जा, थोडं लांब पडतं, रस्ता बरा. एक पदरी पुलांवर पाटी नीट वाचायची: निळ्या चौकोनात तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर तुमचा नंबर, लाल कडेच्या गोलात तुमचा बाण छोटा लाल असेल तर थांबा. जो चालवत नाही त्याने पाटी मोठ्याने वाचायची. बाकी गप्पा तेवढ्यापुरत्या बंद.

दोन बेटांमधल्या फेरीबोटीचं तिकीट गाडीच्या लांबीवर असतं, तेव्हा मागचा सायकल रॅक मोजायला विसरू नका. चढण्याआधी गॅसच्या बाटलीची चावी बंद.

आणि वारा! कँटरबरीत नॉर्वेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा, सुटला की उंच गाडी रस्त्यावर हलते ती हलतेच, पण त्याहून जास्त नुकसान उभ्या गाडीचं होतं. दार उघडलं, वाऱ्याने हातातून हिसकलं, बिजागरी वाकडी. आमची वाकली. टेकापोच्या काठावर, मला फक्त तळ्याचा फोटो काढायचा होता. पुढचे आठ दिवस ते दार दोरीने बांधून फिरलो. लावताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दाराची कडा दोन्ही हातांनी धरून उघडा.

स्वयंपाकाचं तू विचारलं नाहीस, पण तेच रोजचं असतं. छोटा कुकर घे, तीन लिटरचा. मूग-मटकी सकाळी बरणीत भिजत घाल, गाडीच्या हिसक्यांनी छान भिजतात. पोळ्यांच्या भानगडीत पडू नकोस. गॅसवर फुलका फुगवायला गेलीस की धुराचा अलार्म बोंबलतो आणि अख्खं कॅम्पसाइट उठतं. कुकरची शिटीही सकाळी आठच्या आधी नको. आम्ही सातला खिचडी लावली होती तर शेजारचे आजोबा पाण्याचा डबा घेऊन धावत आले, त्यांना वाटलं काहीतरी फुटतंय. फोडणी बाहेर, वेगळ्या बर्नरवर. आत दिलीस तर हिंगाचा वास गादीत बसतो आणि गाडी विकेपर्यंत जात नाही. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपायचं मात्र नाही, कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला आहे ना, ते पैसे देण्याआधी बघ. झोपताना छताची झडप बोटभर उघडी ठेव. दोघांच्या श्वासानेच सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. मिक्सर ठेव घरी. पॉवर्ड साइटवर (विजेची सोय असलेल्या मुक्कामी) वायर जोडली तरच तो चालणार, एरवी 12 व्होल्टच्या बॅटरीवर दिवे, पंप आणि फोन, एवढंच.

निघण्याआधीची यादी एकाने मोठ्याने म्हणायची, दुसऱ्याने हात लावून ‘झालं’ म्हणायचं. गॅस बंद, झडप बंद, पायरी आत, वायर काढली, फ्रिजची कडी. रोज, कंटाळा आला तरी. आम्ही एकदा भांडण झालेलं असताना न बोलता निघालो. ब्लेनहाइमच्या राउंडअबाउटला फ्रिज उघडला आणि रात्री विरजलेल्या दह्याचं पातेलं थेट पलंगावर. दही लागलं मात्र सुरेख होतं. काका गाडी बाजूला घेऊन उतरले, मागे आले, बघितलं आणि म्हणाले, ‘कडी तुझी होती का माझी?’ कुणाचीच नव्हती, कारण यादी झाली नव्हती. धुण्याच्या मशीनसमोर दोन तास बसलो तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

यावरून आणखी एक. रोज एक तास एकाने बाहेर जायचं, एकट्याने. फिरायला, दगड गोळा करायला, काहीही. दुसऱ्याने आत. उद्या उलट. पाऊस असला तरी छत्री घेऊन जायचं. तुला आत्ता हे विचित्र वाटेल, लग्नाला दोनच वर्षं झालीत. पण घरी तुम्ही दिवसातले दहा तास ऑफिसात वेगळे असता, ते तू शीटमध्ये धरलेलं नाहीस. वेस्ट कोस्टवर हा तास चालत चालत काढ, उभी राहिलीस की सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या घोट्यांची चाळण करतात. मिलफर्डच्या रस्त्यावर होमर टनेलपाशी मात्र दोघांपैकी एकाने गाडीजवळच राहायचं. केआ नावाचे पोपट खिडकीचं रबर सोलून खातात, आणि तू फोटो काढत असतेस तेव्हा दुसरा मागून छतावर चढलेला असतो. ते ‘कोण’ कोण, तेही लिहून ठेव.

पहिला मुक्काम आमच्याकडे करा. ऑकलंडहून दोन तास, गाडी काय वाजते काय हलते ते तेवढ्यात कळेल आणि रात्री काका पाना घेऊन आहेतच. चाकांखाली घालायचे पिवळे पाट गॅरेजमध्ये पडलेत, ते घेऊन जा. गाडी तिरकी उभी राहिली तर डोकं उंचावर ठेवून झोपायचं, हे तर सांगायलाच नको. आमचा ड्राइव्हवे उतरता आहे आणि डाव्या हाताला लिंबाचं झाड आहे. त्या दिवशी नवऱ्याला फाटकापाशी उतरव आणि गाडी तू मागे घेऊन लाव. लिंबाची एखादी फांदी गेली तरी चालेल.

तुझी,
काकू
(ऑफिसातली मॅडम आता विसर)