संभाजीनगरात ताज्या मासळीचा छोटा गाळा टाकतोय. कोणता फ्रीझर घ्यावा आणि उरलेला माल किती दिवस ठेवता येईल?

मी परभणीत मासळी विकतो. माझं ऐकाल तर फ्रीझर आत्ता घेऊच नका. तो घरात आला की संध्याकाळी उरलेला रोहू त्यात टाकायचा आणि सकाळी पाणी मारून ताजा म्हणून मांडायचा मोह होतोच. गोठवून सुटलेलं मांस पिळपिळीत लागतं, नेहमीचं गिऱ्हाईक बोटानं दाबून ओळखतं.

पैसा बर्फावर घाला. किलोभर मासळीला किलोभर बर्फ, आणि मे महिन्यात पारा ४२ वर गेला की त्याहून जास्त. खाली चुरा, त्यावर मासे, परत चुरा. लादीचे मोठे ढेकळे टाकले तर मासा चेंगरतो आणि मधल्या फटी उबट राहतात. पेटीला खालून भोक पाडा, नाहीतर रक्ताळ पाणी साचून तळाचा थर आधी वास मारतो. निळसर बर्फ स्वस्त मिळाला तरी नको. तो खाण्याच्या कामाचा नाही हे कळावं म्हणूनच २०१८ पासून त्याला रंग घालायला लावलाय.

माल कुठला, यापेक्षा तो कसा आला ते बघा. आंध्रातून बर्फात नीट भरून आलेला कटला, पैठणहून उघड्या टोपलीत उन्हातून आलेल्या कटल्यापेक्षा चांगला निघतो. जायकवाडीचं नाव ऐकलं की लोक डोळे झाकून माल घेतात, त्यांना हे पटत नाही. जिवंत म्हणून कुणी परदेशी मांगूर देत असेल तर हात लावू नका, त्यावर बंदी आहे.

समुद्राचा माल ठेवणार असाल तर बांगड्याला जपा. तो उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. हे तळून जात नाही, मागाहून बर्फात घालूनही जात नाही, आणि वास नसला तरी ते असू शकतं. म्हणून बर्फाशिवाय आलेली पेटी सरळ परत करा, भाव कितीही पाडला तरी.

आता पाण्याचं. तुमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे सगळे गाळेवाले एकाच बादलीत दिवसभर मासे बुचकळतात. खरी घाण तिथं होते. साफ केलेला तुकडा त्या बादलीत पुन्हा जाता कामा नये. पिण्यालायक पाण्याची टाकी आणि तिला तोटी लावा, धार सोडून धुवा. पाणीही कमी लागतं. भेगा पडलेला लाकडी ठोकळा काढून टाका. पोटातली घाण बंद डब्यात ठेवून घंटागाडीत द्या, गटारात नको.

उरलेल्या मालाचं म्हणाल तर सुरुवातीला कमीच उचला. श्रावणात तर निम्मासुद्धा खपत नाही. संध्याकाळी भाव पाडून काढा, तरी राहिला तर ताज्या बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी ‘कालचा आहे’ असं सांगून वेगळ्या भावानं विका. घेणारे असतात.