'गो'चा भूतकाळ 'गोएड' न होता 'वेंट' का होतो?

'वेंट' मुळात 'गो'चा नाहीच. तो 'वेंड' या वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळ. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. अर्थ आधी वळणे, मग वाटेला लागणे, जाणे. 'गो'ला जुन्या इंग्रजीत 'एओदे' हा भूतकाळ होता, तोही दुसऱ्याच धातूचा. इंग्रज कवी चॉसरच्या (मृत्यू १४००) लिखाणात त्याचं 'येदे' हे रूप आणि 'वेंट' दोन्ही सापडतात. पंधराव्या शतकात 'वेंट'ने बाजी मारली, आणि 'वेंड'ला स्वतःसाठी 'वेंडेड' करून घ्यावं लागलं.

माझी भाची दुसरीत असताना तिने 'आय गोएड टू आजीज हाउस' लिहिलं. बाईंनी लाल पेनाने गोल केला, वर वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. घरी येऊन तिने विचारलं, "आत्या, 'वॉक'चं 'वॉक्ड' चालतं, मग 'गो'चं का नाही?" माझ्याआधी दादाच बोलला, "इंग्रजी वेडपटच भाषा आहे. विचारत बसू नकोस, दहा वेळा लिही."

मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, मग आपण 'जातो'चं 'जाला' का करत नाही? 'गेला' कुठून आणतो?" 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूपासून, 'गेला' आलं 'गम्'पासून, म्हणजे 'गत'वरून. हिंदीत जाना-गया, तीच गत. फ्रेंचांनी तर 'जाणे'ची रूपं तीन क्रियापदांतून गोळा केलीत. जे शब्द दिवसभर तोंडात असतात, त्यांची जुनी वाकडी रूपं टिकतात. क्वचित लागणारे शब्द नियमाखाली सरळ होतात.

दादा म्हणाला, "संस्कृत घेऊन हेच शिकलीस?" हो, हेच. मी संस्कृत घेतलं तेव्हापासून तो उपयोग विचारतोय. उपयोग हा, की एका पोरीला ती मठ्ठ नाही हे पुराव्यानिशी सांगता आलं. 'गोएड' लिहिणाऱ्या मुलाला नियम कळलेला असतो. 'वेंट' घोकणाऱ्याला तो कळलाय की नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. तुमच्या मुलाने असं काही लिहिलं तर आधी शाबासकी द्या, मग 'वेंट' सांगा. दहा वेळा लिहून घेणं म्हणजे शिकवायचा कंटाळा.

अर्थात पेपरात 'वेंट'च लिहायचं, 'गोएड'ला गुण नाहीत. आणि 'गो'ला स्वतःचा भूतकाळ कुठेच नाही असंही नाही: स्कॉट लोकांच्या बोलीत 'गेड' आहे.