मिशनला पैसे, पण नवऱ्याच्या चोरून

*ताई, माहेर माझं वसईचं, लग्न होऊन मडगावला आले. बहिणीचा मुलगा जेझुइट या कॅथलिक संघाचा पाद्री आहे, सध्या झारखंडात आदिवासी मुलांचं वसतिगृह सांभाळतो. त्याच्या खात्यावर मी घरखर्चातून दरमहा तीन हजार पाठवायची. परवा यांनी फोनवरचे बँकेचे मेसेज पाहिले, तेव्हापासून अबोला. हे तारवटी होते, इंजिनरूममध्ये फिटर. म्हणाले, 'जहाजावर घाम गाळला तो तुझ्या भाच्यासाठी नव्हे.' माझा मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्याचा. तो म्हणतो, मी हजार पाउंड थेट फादरच्या खात्यात टाकतो, पप्पांना सांगू नकोस. मला तर वाटतं, दोन महिने तिथं जाऊन सेवाच करावी, पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. मग उरते ती नुसती प्रार्थना. तेवढ्यानं काय होणार?*

मडगावच्या ताई,

पैसे गेले याचा राग तुमच्या ह्यांना थोडा, आपल्याला न सांगता गेले याचा जास्त असावा. महिनोन्‌महिने जहाजावर काढणारा माणूस घरचा सगळा हिशेब बायकोवर सोपवून जातो. त्याच हिशेबात अशी फट निघाली की माणूस बोलायचा बंद होतो. तेव्हा आधी पासबुक त्यांच्यापुढं उघडा. किती, कधीपासून, सगळं. आणि पुढं किती द्यायचं ते दोघांनी मिळून ठरवा. तीन हजाराचे पाचशे झाले तरी कुरकुर नको.

पाचशेनं काय होतं, असं वाटेल. फ्रान्समध्ये लिओंला पोलीन जारिको नावाची मुलगी होती. भाऊ धर्मगुरू व्हायला शिकत होता, त्याच्याकडून मिशनची ओढाताण कळली. तिनं रेशमाच्या कारखान्यांतल्या कामकरणींना दहा-दहाच्या गटात बांधलं. आठवड्याला प्रत्येकीनं तांब्याचं एक नाणं द्यायचं आणि रोज प्रार्थना करायची. त्यातूनच 1822 साली धर्मप्रसाराची ती संस्था उभी राहिली, जिच्यासाठी आजही ऑक्टोबरात मिशन रविवारी आपल्या चर्चमध्ये थैली फिरते. तुमच्या वाड्यावर दहा बायका निघणार नाहीत?

आता मुलाचे पाउंड. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे कायद्याच्या नजरेत तो परदेशी नागरिक, मग गोव्यात जन्मलेला का असेना. मिशनच्या कामासाठी त्यानं दिलेला पैसा परदेशी देणगीत मोडतो. ती परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि 2020च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच यावी लागते. पाद्रीच्या वैयक्तिक खात्यात हजार पाउंड टाकणं म्हणजे त्याच्या मागं चौकशीचं लचांड लावून देणं. सध्याच्या दिवसांत तर मुळीच नको. संस्थेच्या कार्यालयाला रीतसर पत्र लिहून खातं विचारू दे, पावती मागू दे. आणि हो, 'पप्पांना सांगू नकोस' हे आता पुरे. एकाची चोरी निस्तरतोय तोवर दुसरी कशाला?

खरं म्हणजे तुमचे रुपयेही संस्थेच्याच नावानं जायला हवेत. जेझुइटानं दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं. हाती आलेला पैसा सगळ्यांच्या खात्यात जमा करावा लागतो. तुम्ही एकट्या भाच्यासाठी धाडता, आणि त्याला वरिष्ठांपुढं हिशेब देत बसावं लागतं.

वस्तू पाठवायच्या तर आधी फोन करून विचारा. आपल्याकडं मिशन म्हटलं की कपाटं रिकामी करायची लाट येते. विटलेले परकर, चेन तुटलेली जॅकेटं, लग्नातल्या जरीच्या साड्या, एक पाय हरवलेले मोजे, सगळं एका खोक्यात कोंबून खाकी टेप मारायची. कुरियरला जेवढे पैसे जातात तेवढ्यात तिथल्या बाजारात दोन पोरांना नवी कोरी चादर येते. वसतिगृहाला बहुधा लागतं ते अगदी नीरस असतं: खरजेचं मलम, वह्या, डाळीचं बिल, विजेचं बिल. विजेच्या बिलाला कुणी देणगी देत नाही, कारण त्यावर नाव कोरता येत नाही. तुम्ही ते भरा.

'नुसती' प्रार्थना म्हणता, त्यावर मात्र माझा आक्षेप आहे. 1927 साली पोपनी मिशनची संरक्षक म्हणून संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीनं कुणाला बसवलं? लिझ्यूच्या तेरेजाला. मठात शिरली ती कधी मिशनवर गेलीच नाही, चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. दोन मिशनऱ्यांसाठी ती प्रार्थना करायची आणि त्यांना पत्रं लिहायची. आणि खुद्द झेवियर, ज्याच्या फेस्ताला आपण डिसेंबरात जुन्या गोव्यात रांगा लावतो, तो आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर असताना सोबत्यांच्या पत्रांवरच्या सह्या कापून गळ्यात बाळगायचा. एवढी त्याला माणसांची भूक होती. भाच्याला विचारा, या आठवड्यात कुणासाठी प्रार्थना करू? तो नाव सांगेल. कुणी पोरगा घरी पळून गेला असेल, कुणाची आई मलेरियानं पडली असेल. रोझरीत ते नाव घ्या. आठ दिवसांनी 'तो पोरगा परत आला का रे?' म्हणून कळवा. व्हॉट्सॲपवरचे गुलाबाचे सुप्रभात पाठवू नका, त्याच्याकडं नेटवर्कही जेमतेम असेल.

दोन महिने जाणं सध्या नाही. सासूबाईंना कुशीवर वळवायला घरात माणूस हवं, आणि तिथं न विचारता गेलेला पाहुणा म्हणजे त्यांच्याच डोक्याला काम. सेवा करायचीच तर तो सुट्टीवर येतो तेव्हा करा. आपण काय करतो, त्याला घरोघर फिरवतो. प्रत्येक घरी डुकराच्या मटणाचं झणझणीत सोरपोतेल, प्रत्येक घरी फोटो, आणि 'तिकडं साप असतात का हो फादर?' परत जाताना तो आला त्याहून दमलेला. तुम्ही त्याला दाताच्या डॉक्टरकडं न्या, चष्मा बदलून द्या, दुपारी झोपू द्या, साधी पेज आणि सुकं खारं वाढा. कुणी भेटायला आलं तर 'फादर झोपलेत' म्हणायची जबाबदारी तुमची.

राहिले तुमचे हे. जन्मभर इंजिनं उघडणाऱ्या फिटरला पैसे मागितले तर तो चिडणारच, पण त्याचं काम त्याला कुणी विचारलं तर? वसतिगृह आहे म्हणजे पंप असेल, जनरेटर असेल, आणि ते परीक्षेच्या दिवसांतच बंद पडत असतील. हिशेब मिटवून झाला की भाच्याला सांगा, पुढच्या खेपेला मिस्त्री शोधायच्या आधी काकांना व्हिडिओ कॉल लाव. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरातच थांबा, मध्ये बोलू नका.