नदीकाठी फेऱ्या नकोत, बैठक हवी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. सुट्टीच्या दिवशीही डोक्यातली चक्रं थांबत नाहीत आणि नदीकाठच्या बागेत जाऊनही काही फरक पडत नाही, असं तू लिहिलंस. बाग तुला जवळ आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. आता एकच ऐक. तिथं फेऱ्या मारणं सोड. एक जागा धर आणि बस.

दिवसभर आपण लक्ष ओढून-ताणून एकाच कामावर ठेवतो आणि ते थकतं. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं याचाच अभ्यास केला. वाहतं पाणी, हलणारी पानं, सरकणारे ढग यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावतं, असं ते म्हणतात. पण पावलं मोजत, कानात काहीतरी लावून चाललं की बिचाऱ्या लक्षाला पुन्हा कामाला जुंपलंच! फोन पिशवीत तळाशी जाऊ दे. रोज जमत नाही याची खंतही नको. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांची एक पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत आणि मन ठीक आहे असं सांगणारे जास्त होते, आणि ती मिनिटं एका बैठकीत घालवली की थोडी थोडी करून, यानं फरक पडला नव्हता. अर्थात हा आकडा तुला धीर यावा म्हणून सांगतेय, घड्याळ लावून बसावंस म्हणून नाही.

जागा मात्र पारखून घे. रस्त्यालगतचं बाक कितीही सावलीत असलं तरी टाळ. पाण्याकडे उतरणारी पायवाट असेल तर खाली जा, कारण गाड्यांचा आवाज आणि आपण यांच्यामध्ये काठाचा उंचवटा आला की तो आवाज बराच अडतो. जवळपास छोटा बंधारा असेल तर फारच छान. पडणाऱ्या पाण्याचा सलग आवाज उरलासुरला गोंगाट झाकून टाकतो. जमेल तेव्हा पहाटे जा. वारा नसलेल्या गार सकाळी पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे आवाज वर न जाता पाण्यावरून लांबपर्यंत येतो आणि पलीकडच्या काठावरच्या पक्ष्याची शीळही स्पष्ट ऐकू येते.

बसल्यावर करायचं काय, हा प्रश्न तुला पडणारच. नदीकडे बघ. तळाशी आणि काठाशी घासून पाणी मंदावतं, म्हणून सरळ पात्रात सगळ्यात जास्त वेग मध्यभागी, पृष्ठभागाच्या आसपास असतो. वाहत येणारं एखादं पान नजरेनं धर आणि ते कुठे रेंगाळतं, कुठे भोवऱ्यात फिरतं ते पाहा. वळणावर बाहेरचा काठ खणला जातो, तिथं पाणी खोल असतं. आतल्या बाजूला वेग कमी, म्हणून तिथं वाळू आणि गाळ साचतो. एवढं कळलं की पात्र वाचता येऊ लागतं. पाणी उतरलं की तुझ्यासमोरचा गाळ उघडा पडेल, पाऊस झाला की पाण्याचा रंग बदलेल. हे सगळं त्याच जागी पुन्हा पुन्हा बसणाऱ्यालाच दिसतं, म्हणून मी जागेचा एवढा हट्ट धरतेय.

पक्षी आपोआप दिसू लागतील. पाणकावळा पंख पसरून उभा असतो, कारण त्याची पिसं भिजतात आणि ती वाळवावी लागतात. बगळा इतका वेळ निश्चल राहतो की त्याच्याकडे पाहता पाहता आपलाही श्वास संथ होतो. त्यांना पाव टाकू नकोस. न खाल्लेला पाव कुजून पाणी खराब करतो.

आणि हे गांभीर्यानं घे. शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरायचं नाही. तुझ्याकडे थेंबही पडला नसला तरी वरच्या भागातल्या पावसानं किंवा धरणातून सोडलेल्या पाण्यानं नदी झपाट्यानं चढू शकते. इशारा लागलेला असेल त्या दिवशी वरच्या काठावरच थांब. अंधार पडल्यावर निर्मनुष्य भागात एकट्यानं बसणंही नको.

कधी सोबत कुणाला न्यायचं असेल तर न बोलता बसायला ज्याला अवघडल्यासारखं होत नाही, असंच माणूस ने. जागा ठरली की ती वळणाच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, ते मला जरूर कळव.

तुझी,
मावशी