पीएचडी करून कंपनीत जायचं, म्हणजे शिकणं वाया गेलं का?

पीएचडी करणारी पोरं-पोरी माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. प्राध्यापकाच्या जागा निघत नाहीत, निघाल्या तर तासिका तत्त्वावर. कंपनीवाले म्हणतात, तुमचं शिक्षण जास्त झालं, अनुभव कुठे आहे? आणि गावात लोक विचारतात, अजून शिकूनच राहिली का? त्यातली ही एक केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबकडच्या खेड्यातली, घरी कपाशीचं वावर. रेल्वे अभियांत्रिकीत पीएचडी, विषय काळ्या मातीवरची लाइन. आपली ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वरून गाड्या धावत राहिल्या की ओला चिखल वर चढून गिट्टीत भरतो, पाणी तुंबतं आणि रूळ खचत जातो. म्हणून भराव आणि गिट्टीच्या मध्ये भरड, निचरा होणाऱ्या मालाचा थर देतात. रेल्वेवाले त्याला ब्लँकेट म्हणतात. तो किती जाड हवा, यावर तिचा प्रबंध. ज्या मुलखात वर्धा–यवतमाळ–नांदेड लाइनचं काम चालू आहे, 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडीही सुरू झाली, तिथे हा विषय बिनकामाचा कसा? पण तिच्या डोक्यात 'वाया' हा एकच शब्द.

तिच्यासोबत येणारे बाबा वेगळ्याच काळजीत. "काऊन जी, एवढी डॉक्टर होऊन कोनाच्या हाताखाली राबाचं?"

मी विवेकनिष्ठ विचारांचा माणूस. घटनेपेक्षा 'हे असंच व्हायला पाहिजे होतं' हा हट्ट माणसाला जास्त छळतो, असं मी मानतो. त्यामुळे धीर देत बसलो नाही, हिशोब मागितला. नेमकं काय वाया गेलं? तिला सांगता येईना. मग सहज विचारलं, "मातीचे नमुने आणले कुठून?"

"चालू लाइनवरून. ब्लॉक घेऊन."

"ब्लॉक म्हणजे?"

"दोन तास गाड्या बंद. तेवढ्यात स्लीपरच्या मधली गिट्टी काढायची, नमुना घ्यायचा, परत भरून पॅकिंग करून, म्हणजे ती स्लीपरखाली ठोकून बसवून, लाइन मोकळी करून द्यायची. पहिल्याच खड्ड्यात नमुन्याची नळी अडकली. रुळांची देखरेख करणारे पीडब्ल्यूआय साहेब घड्याळ पाहत डोक्यावर उभे. मी म्हटलं, बाकीचे खड्डे राहू द्या, हा एकच पुरा करू. गँगमन काकांना लगेच भरायला लावलं."

"परवानगी कोणी काढली?"

"मीच. विभागीय कार्यालयात चकरा मारून मारून."

"बायोडेटात कुठे आहे हे?"

"ते काय संशोधन आहे का, सर?"

गाठ इथे होती. छापून आलं तेवढंच संशोधन, बाकी सगळं तिने मनातून खोडून टाकलेलं. कंपनी पगार देते तो नेमका या खोडलेल्या भागाचा: वेळ संपत आलेली, माहिती अपुरी, तरी ठरवायचं आणि लाइन वेळेवर परत द्यायची. हे मी तिला सांगितलं नाही. बायोडेटा तिच्याच पुढ्यात सरकवला आणि गप्प बसलो. गप्प बसणं शिकायला मला बरीच वर्षं लागली, पण आता जमतं. बऱ्याच वेळाने ती हसायलाच लागली. "म्हणजे मी साइटवरच होते की!" मी सांगितलं असतं तर मान हलवून घरी गेली असती.

अशा सगळ्यांना माझं सांगणं आहे, शोधनिबंधांची यादी शेवटच्या पानावर न्या. वर लिहा, कुठली चाचणी स्वतःच्या हाताने केली, परवानग्या कोणाकडून मिळवल्या, काय बिघडलं आणि तेव्हा तुम्ही काय केलं. प्रबंध तीन वाक्यांत सांगता यायला हवा, आणि तिसऱ्यात कोणाचा खर्च वाचतो ते यावं. रेल्वेचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या आरडीएसओ या संस्थेचे नियम तुम्ही कोळून प्यायलेले असता. राइट्स, इरकॉनसारख्या रेल्वेच्या सरकारी कंपन्यांत किंवा डिझाइन करणाऱ्या खासगी सल्लागारांकडे ते रोजच्या कामाला लागतात. बी.ई. होताच नोकरीला लागलेला वर्गमित्र तुमच्यापेक्षा वरच्या पदावर भेटेल, हेही आधीच धरून चला.

बाबांना मी काही समजावलं नाही. तिलाच म्हटलं, तो थर त्यांना समजावून सांग. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मंग हे काम कॉलेजात होते का लाइनवर?"

"लाइनवर."

"मंग लाइनवरच जा न बाप्पा!"

सध्या ती नागपुरात एका सल्लागार कंपनीत भरावाच्या डिझाइनवर आहे. प्राध्यापकाची जाहिरात निघाली की अजूनही अर्ज भरते. झालं तर जाईन, म्हणते, नाही तर हे काम आहेच.