हकिगत आणि कथा

प्रश्न : मी बारावीत आहे. कथानक, पात्रे, वातावरण, संवाद हे घटक मला पाठ आहेत. एसटीत आजोबांचा चष्मा हरवला त्यावर कथा लिहिली, तर सरांचा शेरा : ‘ही कथा नाही, हकिगत आहे.’ म्हणजे काय?
– एक विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : शेरा बरोबर आहे, पण सरांनी आणखी दोन ओळी लिहायला हव्या होत्या. (मीही तीस वर्षं वह्या तपासताना हेच केलं, म्हणून बोलते.)

चष्मा हरवला, शोधला, सापडला. हा झाला घटनाक्रम, म्हणजेच हकिगत. आता असं बघ : चष्मा सीटखाली आहे हे नातीला दिसलंय, पण ती गप्प बसते. का? आजोबा तिच्या स्थळाचं पत्र वाचायला निघालेत. आता ‘मग काय झालं?’ सोबत ‘का?’ आला. कथानक तिथून सुरू होतं, आणि संघर्षही. त्यासाठी भांडणच लागतं असं नाही.

पात्राचं वर्णन नको. ‘आजोबा तापट होते’ यापेक्षा ते कंडक्टरला काय म्हणतात ते लिही. वातावरणाला एक तपशील पुरतो, खडखडणारी खिडकीची काच.

राहिलं निवेदन, म्हणजे गोष्ट कोण सांगतंय ते, आणि ते तुझ्या यादीतच नाही! नातीच्या ‘मी’तून सांगितलंस तर तिचं गुपित आम्हाला कळतं. कंडक्टरच्या नजरेतून सांगितलंस तर ती नुसती एक मुकाट पोरगी. दोन्ही लिहून बघ. मला कंडक्टरची आवडेल.