लहान मुलांच्या इमर्जन्सीत नर्सचा रिसर्चशी काय संबंध?

तू विचारलंयस की बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिसवर (म्हणजे अभ्यासातून जे सिद्ध झालंय त्याप्रमाणे काम करणं) असाइनमेंट आहे, पण लहान मुलांच्या कॅज्युअल्टीत ऑर्डर डॉक्टरच देतात, मग नर्सचा रिसर्चशी संबंध येतो कुठे? मी सोळा वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली नऊ लहान मुलांच्या इमर्जन्सीत. विद्यार्थिनींना तूच म्हणायची सवय आहे, राग मानू नकोस.

एका नाइटचं सांगते. तीनेक वर्षांची मुलगी आली, तीन दिवस ताप, हातपाय गार, नाडी बारीक, नख दाबून सोडलं तर रंग परत यायला चार-पाच सेकंद लागत होते. रेसिडेंट सरांनी सलाईनचा बोलस, म्हणजे थोड्या वेळात एकदम बरंच सलाईन, द्यायला सांगितला. आमच्या इंचार्ज सिस्टरनी शिकवलेली एक सवय आहे, बोलस चालू करायच्या आधी पोटावर बोटं ठेवून लिव्हरची कड शोधायची आणि तिथे बॉलपेनने रेघ मारायची, कारण अंगात पाणी जास्त झालं की लिव्हर फुगून कड खाली सरकते. मी रेघ मारली, श्वास मोजले, केसपेपरवर लिहिले आणि मग सलाईनच्या नळीतल्या थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) पन्नासची सिरिंज लावून सलाईन ढकलायला घेतलं. पहिला बोलस संपला, दुसऱ्याची ऑर्डर आली, तोवर कड रेघेच्या दोन बोटं खाली आलेली आणि श्वास 40 चे 58 झालेले. मी एवढंच म्हटलं, "सर, रेघ बघा." त्यांनी हात लावून बघितलं, बोलस थांबवला, अॅड्रेनलिनची, म्हणजे हृदयाला जोर देणाऱ्या औषधाची, ड्रिप लावली. ती मुलगी दहाव्या दिवशी चालत घरी गेली.

आता यात रिसर्च कुठे आला? आम्ही शिकलो तेव्हा शॉक (अंगाला रक्तपुरवठा कमी पडणं) म्हणजे पटापट पाणी भरा असंच होतं. मग 2011 मध्ये फीस्ट नावाचा अभ्यास आला, केनिया, युगांडा आणि टांझानियातली 3141 मुलं, ताप आणि रक्ताभिसरण कमी पडल्याची लक्षणं असलेली. ज्यांना बोलस दिला त्यांच्यात 48 तासांत शंभरातली साधारण साडेदहा दगावली आणि ज्यांना बोलस न देता नेहमीचं सलाईन चालू ठेवलं त्यांच्यात सव्वासात. सगळ्या जगाला धक्का होता तो, कारण उलट निकाल येईल असंच वाटत होतं. त्या हॉस्पिटलांत व्हेंटिलेटर, आयसीयू नव्हते, त्यामुळे मोठ्या सेंटरला ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण तालुक्याच्या रुग्णालयाला विचार करायला लावतातच. 2020 च्या मुलांच्या सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडणं) गाइडलाइनमध्येही, जिथे आयसीयू नाही आणि बीपी पडलेलं नाही तिथे बोलस देऊ नका असं आलं. पण जुलाबाने सुकलेली मुलं फीस्टमध्ये घेतलीच नव्हती, म्हणून "बोलस वाईट" असं अर्धवट ऐकून कुणी जुलाबाच्या बाळाचं सलाईन अडवलं तर ते बाळ जाईल. हे दोन्ही डोक्यात ठेवून बेडशेजारी उभं कोण असतं? डॉक्टर तोवर दुसऱ्या बेडला गेलेले असतात, सिरिंज आपल्या हातात असते.

एका जुन्या हॉस्पिटलात (नाव नको) मी असंच काही विचारलं तर "सिस्टर, ऑर्डर फॉलो करा" असं सगळ्यांसमोर ऐकून घेतलंय. तेव्हा गप्प बसले, त्याचं आजही वाईट वाटतं. नंतर कळलं की मत सांगितलं तर भांडण होतं, आकडा सांगितला तर माणूस वळून बघतो. लिव्हर किती बोटं, श्वास किती, किती वाजता, हे सांग.

दुसरं उदाहरण दम्याचं. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडचा असर व्हायला काही तास लागतात, म्हणजे पहिला डोस जितका लवकर तितकं बरं, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मूल धापा टाकत येतं, नेब्युलायझर लागतो आणि सिरप राहून जातं. ओटावाच्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टर बघायच्या आधी ट्रायाजच्या (आल्या आल्या कोण किती गंभीर ते ठरवायच्या जागेवरच्या) नर्सनेच स्टेरॉइड द्यायची पद्धत सुरू केली, तर मुलं लवकर सुधारली आणि अॅडमिट कमी करावी लागली, 2012 साली छापून आलंय. आम्ही आधी महिनाभर नुसतं रजिस्टरला लिहिलं, मूल किती वाजता आलं आणि पहिला डोस किती वाजता गेला. कधी पंधरा मिनिटं, कधी दीड तास, गर्दीच्या दिवशी त्याहून जास्त. ते पान घेऊन आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. आपल्याकडे नर्सला स्वतःहून औषध लिहिता येत नाही, म्हणून मॅडमनी वजनाप्रमाणे डोसचा तक्ता करून सहीची स्टँडिंग ऑर्डर (दर वेळी न विचारता पाळायची कायमची ऑर्डर) दिली, ती ट्रॉलीच्या वर चिकटवलीय. वजन मात्र काट्यावरच करायचं, कारण उंचीवरून वजन सांगणारी ती रंगीत टेप आपल्या मुलांचं वजन जास्त दाखवते, मुंबईत मुलांवर तपासून पाहिलंय ते.

आणि हे सगळं बाहेरूनच येतं असं समजू नकोस. विंचू चावलेल्या मुलांना प्राझोसिन, म्हणजे बीपी कमी करणारी गोळी, द्यायचं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, 1986 साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं, किती पोरं वाचली कोकणात. पण त्यातही बेडवरचं काम आपलंच, गोळी साधी हवी, हळूहळू विरघळणारी एक्सएल कुटून द्यायची नाही, आणि पहिल्या डोसनंतर बीपी झपकन पडू शकतं म्हणून पोराला उठवून उभं करायचं नाही. आई म्हणते "शू लागलीय, पटकन नेऊन आणते", तिला थांबवून बेडपॅन देते ती सिस्टरच.

आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर शहरातल्या हॉस्पिटलात आल्या आल्या मुलांची वर्गवारी करून गंभीर मूल रांगेतून पुढे काढायला लागले, तर वॉर्डातले मृत्यू शंभरात 10 ते 18 होते ते 6 ते 8 वर आले. नवीन मशीन नाही, महागडं औषध नाही, दारातच मूल बघणारं माणूस.

असाइनमेंटला विषय हवा असेल तर पोस्टिंगमध्ये पंधरा दिवस एकच गोष्ट लिही, जुलाबाच्या मुलाला पहिला ओआरएसचा घोट किती वाजता मिळाला. इंचार्ज सिस्टरना आधी विचार, नाव-पत्ता काही लिहू नकोस, फक्त वेळ. अडलं तर इथेच खाली विचार, ड्युटीवरून आले की उत्तर देते.